चौदावा आवाज

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या निसर्ग मंडळाची सहल खारघरच्या डोंगरामागच्या तलावावर गेली होती. मला खरं तर जायचं नव्हतं. सुचिता म्हणाली, तू नसलीस तर माझ्याशी कोण बोलणार. मी बोलत नाही हे तिला माहीत आहे, तरी ती असंच म्हणते.

आम्ही अठरा मुलं होतो. सगळ्यांना शाळेचे एकसारखे निळे रेनकोट दिले होते. विश्वजित सरांची पद्धत अशी की प्रत्येकाला एक नंबर, चालायचं त्याच क्रमाने, आणि दर थांब्यावर मोजणी. सर पुढून "मोजणी" म्हणाले की जो जिथे असेल तिथे थांबायचं, आपला नंबर बोलायचा आणि मोजणी संपेपर्यंत हलायचं नाही. मी तेरा. सुचिता चौदा. माझा आवाज सरांपर्यंत कधीच पोचत नाही, म्हणून सुचिता आधी माझा तेरा मोठ्यांदा म्हणायची आणि मग स्वतःचा चौदा. सर म्हणायचे, नूरीनने बोलायला माणूस ठेवलाय. सगळे हसायचे. सुचिता हसायची नाही.

तलावाकाठी डबे खाल्ले. तीनच्या सुमारास डोंगरावरून धुकं उतरलं आणि समोरचा काठ दिसेनासा झाला. सरांनी घाईने रांग लावली. सुचिताच्या बुटाचा तळ अर्धा निघाला होता. ती म्हणाली, तू चाल, मी हा बांधून आलेच. मी चालू लागले.

वाट घसरडी होती. पुढच्याच्या पाठीवरचा निळा रंग तेवढा दिसायचा. पहिल्या वळणावर सरांनी मोजणी घेतली. माझी पाळी आली, मी "तेरा" म्हटलं. मागून कुणी ते पुन्हा म्हटलं नाही. पुढून सर ओरडले, "तेरा? तेरा आहे की नाही?" मला घसा ताणून पुन्हा सांगावं लागलं. पुढचे दोघं हसले. मग माझ्या कानाजवळ, जरासा उशिरा, आवाज आला.

"चौदा."

मला सुचिताचा इतका राग आला. आजच हिला काय झालं? मुद्दाम केलं का? मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्या वळणावरही तसंच झालं. या वेळी वास आला, बरेच दिवस भिजत पडलेल्या कपड्यांना येतो तसा. बुटाचा असेल असं वाटलं. मी रागातच चालत राहिले.

वाट संपते तिथल्या गेटवर शेवटची मोजणी झाली. अठरा. सरांनी कागदावर खूण केली आणि पालकांच्या ग्रुपवर "सगळे सुखरूप" असं टाकलं. मी सुचिताला काहीतरी लागेल असं बोलायचं ठरवून वळले.

माझ्या मागे फहाद उभा होता. पंधरा नंबर.

"सुचिता कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्या मागेच होती ना. चौदा म्हणाली की आत्ता."

धुक्यामुळे त्याला तिची पाठ नीट दिसली नव्हती. निळा रेनकोट मात्र दिसत होता, असं तो म्हणाला.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, बाथरूमला गेली असेल. मी बाथरूम बघून आले. सर म्हणाले, बसमध्ये असेल. मी बसही बघून आले. मग त्यांनी मला कागद दाखवला. परतीच्या तीन मोजण्या, तिन्ही वेळा अठरा. "मोजणी पूर्ण आहे नूरीन. मी आता ग्रुपवर काय लिहू? उगाच टेन्शन देऊ नकोस सगळ्यांना."

ते घाबरले होते. मुलगी हरवली म्हणून नाही, लिहिलेलं खोटं ठरेल म्हणून. हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"ती तिथे राहिलीये," मी म्हणाले. "तुमचा कागद घाला पाण्यात."

एवढ्या मोठ्या आवाजात मी आजवर काहीच बोलले नव्हते. गेटवरचे रखवालदार गंगारामकाका केबिनमधून बाहेर आले. त्यांनी कोपऱ्यातल्या तीन काठ्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली. सर नको म्हणत होते तोवर आम्ही वाटेला लागलो होतो.

थोडं आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "पोरी, तुमी पान्याकडं आकडं बोललात?"

मी मोजणीचं सांगितलं.

"आमी गावची लोका इथं मानसा मोजत नाय. काठ्या मोजतो. जाताना जेवढ्या, येताना तेवढ्या."

"का?"

"ते मला पन ठाव नाय. आजा सांगायचा." मग ते नुसते भराभर चालत होते.

तलाव आला तेव्हा पाण्याचाही आवाज नव्हता. मी सुचिताच्या नावाने ओरडले. परत ओरडले. घसा फाटेल असं वाटलं. माझा आवाज पाण्यावरून गेला आणि परत आला नाही.

ती काठावरच बसली होती. बूट नाडीने बांधलेला, पाठ ताठ, पावलं पाण्यात. मी तिचा दंड धरून ओढला तर ती माझ्यावरच चिडली.

"हळू ना. सर ओरडतील."

"सर गेले सुचिता. आम्ही सगळे गेलो होतो."

"वेडी आहेस का? मोजणी चाललीये." तिने पाण्याकडे बोट दाखवलं. "सगळे बोलले. तूपण. तेरा, एकदम स्पष्ट, मला पुन्हा म्हणावंच लागलं नाही. मी चौदा म्हणाले. अठरा झाले... पण मग थांबलंच नाही. पुढचे सगळे लहान लहान आवाज होते. संपल्याशिवाय हलायचं कसं?"

काकांनी तिसरी काठी तिच्या हातात खुपसली आणि आम्हाला पुढे घातलं. मी तिचा हात गेटपर्यंत सोडला नाही.

सरांनी तिला आधी रागावून घेतलं. रांग सोडली म्हणून. मग मला म्हणाले, सोमवारी माफीपत्र आण. ते मी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही.

बसमध्ये मी आणि सुचिता शेजारी बसलो. मागची लांब सीट रिकामी होती. सरांनी पुढे उभं राहून पुन्हा कागद काढला. मी उठून म्हणाले, सर, मोजू नका. नुसती डोकी बघा. ते म्हणाले, खाली बस. आणि सुरू केलं.

दहा झाले. अकरा. बारा.

मी ओठ घट्ट मिटले. आजवर मी लाजून गप्प बसत आले होते. त्या वेळी रागाने बसले. सुचिताकडे बघितलं, तिचंही तोंड बंद होतं.

"तेरा."

मागून आलं. मोठ्यांदा, स्पष्ट, जरासं घसा फाटल्यासारखं. तो माझाच आवाज होता, तलावाकाठी मी ओरडले होते तो.

सरांनी कागदावरून मान वर केली नाही.

"गुड," ते म्हणाले. "पुढे?"