डाव्या बाजूच्या केबिन

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मारिका माझी सख्खी नणंद आहे, आणि थापा मारणं तिच्या स्वभावातच नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. एस्टोनियातल्या टालिनचं बंदर. तेही भर दिवसा.

मारिका हेलसिंकीच्या प्रवासी बोटीवर केबिन साफ करते. बोट धक्क्याला लागली की जुने प्रवासी उतरतात, आणि नवे चढायच्या आत सगळं लखलखीत लागतं. सगळ्यात खालच्या डेकवर दोघी असायच्या. उजव्या बाजूला मारिका, डाव्या बाजूला हेल्गी.

ऑक्टोबरच्या शेवटी हेल्गी चादर ओढता ओढताच कोसळली. परत उठलीच नाही.

तिच्या जागी कुणी आलं नाही.

"दोन्ही बाजू तूच कर," मुकादम उर्मास म्हणाला.

"आणि पगार?"

"आहे तोच. जमत नसेल तर सांग. बाहेर रांग लागलीय."

पहिल्याच दिवशी मारिका उजवी बाजू उरकून धापा टाकत डावीकडे वळली. दार उघडलं...

केबिन आवरलेली होती.

पुढचीही.

तिला वाटलं, वरच्या डेकवरून कुणी मदतीला आलं असेल. विचारलं, तर कुणीच आलं नव्हतं.

मग रोज तेच. बंद दाराआड चादर झटकल्याचा आवाज... दार उघडावं, तर आत कुणी नाही.

मारिका हादरली. पण नोकरी हवी होती, म्हणून गप्प बसली.

उर्मास मात्र खूश. "बघा, ही एकटी करते ना?" म्हणत त्याने सगळ्याच डेकवरच्या जोड्या मोडल्या.

वरच्या डेकवरची टीना मारिकावर उखडली. "साहेबाची लाडकी! तुझ्यापायी आमची कंबर मोडली. कशी करतेस गं एकटी?"



दुसऱ्या दिवशी मारिका डाव्या बाजूच्या पहिल्या दारासमोर नुसती उभी राहिली.

आत चादर झटकली गेली... मग धाप ऐकू आली. जड, थकलेली.

"हेल्गी," मारिका दाराला टेकून म्हणाली. "पुरे गं बाई. आता तरी बस."

आवाज थांबला.

आतला पलंग करकरला... कुणीतरी बसावं तसा.

त्या दिवशी डावी बाजू तशीच राहिली. बोट खोळंबली, धक्क्यावर प्रवाशांचा आरडाओरडा. उर्मास तणतणत खाली आला.

"माझ्या वाटणीचं झालंय," मारिका म्हणाली. "दोघींचं काम एकटीने होत नाही. कधीच होत नव्हतं."

तिच्या मागे टीना येऊन उभी राहिली. मग बाकीच्याही. कुणी कामाला हात लावेना.

आठवड्याभरात जोड्या परत आल्या.

पण त्या केबिनमधला पलंग... चादर कितीही ताणा, पाठ वळली की मधोमध खोलगट होतो. हात लावला तर ऊब लागते. मारिका तो तसाच सोडते. "दमलीय ती," म्हणते.

परवा तिचा फोन आला. 

पलंगावरच्या त्या खड्ड्याशेजारी आता दुसरा पडायला लागलाय.

बोटीवरचं अजून तरी... दुसरं कुणी मेलेलं नाही.