तरंगत्या घरातला डबा

“अहो, डबा कुठंय?”

नर्स ओरिएता मावशींचा आवाज दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला आणि यास्ना ताडकन उठून आत गेली. आत बाकावर तिची आई बसली होती, कुशीत यास्नाची दीड महिन्याची बहीण नाइरा. शेजारी आणखी दोन बाया, आपापली तान्ही सांभाळत. वादळामुळे दोन आठवडे दक्षिण चिलीतल्या चिलोएच्या या बेटाकडे लाँच फिरकली नव्हती. आज जरा उघडलं, म्हणून नर्समावशी इंजेक्शनं घेऊन आल्या होत्या, आणि वारा पुन्हा उठायच्या आत त्यांना परतायचं होतं.

नाइरा घरीच जन्मली, तीही वेळेआधी. इस्पितळातल्या बाळांना जे इंजेक्शन जन्मल्या जन्मल्या मिळतं, ते तिला मिळालंच नव्हतं. आणि जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा! त्या दिवसांत एक विषाणू घरोघर हिंडतो. मोठ्यांना नुसती सर्दी होते, तान्ह्यांच्या मात्र थेट छातीत जाऊन बसतो. मागच्या हिवाळ्यात यास्नाच्या मैत्रिणीच्या, सेल्मिराच्या, धाकट्या भावाला हेलिकॉप्टरनं शहरात न्यावं लागलं होतं. तो वाचला, पण बेटावर ते कुणीच विसरलं नव्हतं. यास्नाची आई तर रात्र रात्र जागून नाइराचा श्वास ऐकत बसायची.

“नोल्बेर्तो, धक्क्यावर इंजेक्शनांचा डबा तुमच्याच हातात दिला होता मी! बजावलं होतं, चुलीपासून लांब, थंड जागी ठेवा म्हणून!”

“ठेवला की!” यास्नाचा नोल्बेर्तोमामा म्हणाला. “हा काय, मागच्या खोलीत.”

“मागच्या खोलीत चूल पेटलीय, मामा,” यास्ना म्हणाली.

“मग शेजारी असेल! सापडेल गं, डब्याला काय पाय फुटलेत?” असं म्हणून मामा कान खाजवू लागला. मामा कान खाजवायला लागला, की खुशाल समजावं, स्वारी थापा मारतेय!

यास्नानं सेल्मिराला खूण केली. सुट्टीला शहरातून आलेला मावसभाऊ ब्रूनोही मागोमाग बाहेर आला.

“आपण डोकं चालवू,” ब्रूनो म्हणाला.

“चालव की, असलं तर!” सेल्मिरा म्हणाली.

“गप गं! मामानं थंड जागा शोधली असणार. या गावात आत्ता थंड खोली कुठंय?”

तिघांनी गावावर नजर फिरवली. झाडून सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता. या थंडीत चूल विझवतंय कोण!

“एका घराची विझवलीय,” यास्ना हळूच म्हणाली. “रोसामेल आजोबांच्या!”

तिघंही गर्रकन समुद्राकडे वळली. रोसामेल आजोबांचं घर खाडीत होतं. खिडक्या-दारांसकट तरंगत चाललं होतं!

आजोबांना समोरच्या बेटावर लेकीजवळ राहायचं होतं. मग घर मागे कशाला ठेवायचं? सकाळपासून सगळं गाव मिंगाला जमलं होतं. मिंगाची हाक आली, की हातातलं टाकून धावायचं. मजुरी नाही, शेवटी पोटभर जेवण. बैलांनी ते लाकडी घर ओंडक्यांवरून ओढत किनाऱ्यावर आणलं, खाली रिकामी पिंपं बांधली, आणि आता भरतीच्या पाण्यावर दोन लाँच ते ओढून नेत होत्या.

“मामा, खरं सांग!” यास्ना दवाखान्यात धावत जाऊन ओरडली.

मामाचा चेहरा पडला. “अगं, दोर ओढायला हाक आली गं! घर रिकामं, खोली गारेगार... म्हटलं, एवढा दोर ओढतो आणि मग नेतो...”

“तू घरच ओढलंस, मामा!”

मामानं लाँचवर बोलायचा रेडिओ लावून पाहिला. पलीकडून नुसतं अकॉर्डियन वाजत होतं, सगळे आनंदात! नर्समावशींची लाँच डिझेल भरायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. मामा तिकडे जिवाच्या आकांतानं पळत सुटला.

“तोवर घर पार पलीकडे जाईल,” यास्ना म्हणाली. “होडी काढा! आणि जाकिटं घाला!”

पाण्याची ओढ पलीकडेच होती, म्हणून होडी भराभर पुढे गेली. पण वाऱ्यानं तोंड दाखवलं होतं आणि लाटांना पांढरे शेंडे येऊ लागले होते. “थांबा! थांबा!” तिघं घसा फोडून ओरडली. लाँचवरच्या माणसांनी खुशीत टोप्या हलवल्या!

“त्यांना वाटतंय, आपण टाळ्या वाजवायला आलोय!” ब्रूनो दातओठ खात म्हणाला.

घर जवळून केवढं अवाढव्य दिसत होतं! करकर आवाज करत ते एकदा इकडे झुकत होतं, एकदा तिकडे. सेल्मिरानं होडी भिंतीला लावली आणि यास्नानं खिडकीची चौकट धरून आत अंग टाकलं.

स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी होतं, हाडं गोठवणारं. डबा? डबा कुठंच नव्हता! यास्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात घर कलंडलं आणि दाराआडून काहीतरी पांढरं तरंगत बाहेर आलं. डबा! झाकण घट्ट बंद होतं.

“ब्रूनो, धर!”

तिनं डबा खिडकीबाहेर काढला आणि नेमकी तेव्हाच लाट आली. होडी दूर सरकली. डबा हातातून सुटला! ब्रूनो कमरेपर्यंत बाहेर वाकला, सेल्मिरानं त्याचे पाय धरले, आणि पट्टा त्याच्या बोटांत अडकला.

“सापडला!”

“चोर! माझ्या घरात चोर!” लाँचवरून रोसामेल आजोबा गरजले. खिडकीतून लोंबकळणारी यास्ना त्यांना आत्ता दिसली होती.

“आजोबा, बाळांची इंजेक्शनं आहेत!” यास्ना किंचाळली.

आजोबांनी हातातला दोरच सोडून दिला. “लाँच वळवा! पोरांना उचला आणि आधी दवाखाना गाठा!”

“आणि घर?” कुणीतरी विचारलं. “एका लाँचला झेपायचं नाही. वाळूत रुतेल!”

“रुतू दे! उद्या पुन्हा ओढू!”

दवाखान्यात ओरिएता मावशींनी डबा उघडला. आत तापमान दाखवणारं यंत्र होतं. त्या ते उलटसुलट करून बघत राहिल्या. दारात मामा धापा टाकत उभा होता, पार काळवंडलेला.

“कुणी झाकण उघडलं होतं?”

“नाही!” तिघं एकदम म्हणाली.

“मग चांगली आहेत. ना तापलीत, ना गोठलीत.” मावशींनी मोठा सुस्कारा सोडला. “आणा नाइराला.”

सुई टोचली आणि नाइरानं असा काही टाहो फोडला, की बाहेरच्या बैलांनी माना वळवल्या.

“रड गं माझे बाय, रड!” आई हसत म्हणाली, आणि हसता हसता तिचेच डोळे वाहायला लागले.

“मावशी, आता तिला त्या विषाणूची लागण होणारच नाही?” सेल्मिरानं विचारलं.

“सर्दी होईलही एखादे वेळी. पण तो छातीत जाऊन बसला, तर त्याला हुसकायला आत शिपाई तयार असतील. आणि ते शिपाई इथवर आणलेत तुम्ही तिघांनी! शाब्बास रे पोरांनो!” मावशी मामाकडे वळल्या. “आणि तुम्ही हो?”

मामानं खाली मान घातली. “मी उद्या घर ओढतो. एकटा ओढायला सांगितलंत, तरी ओढतो.”

सगळे खो खो हसले. रोसामेल आजोबांनी यास्नाच्या पाठीवर थाप मारली. यास्ना भिजल्या कपड्यांत आईसमोर जाऊन उभी राहिली.

“पुन्हा अशी समुद्रात गेलीस, तर तंगडं मोडून ठेवीन!” आई कडाडली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं यास्नाला इतकं घट्ट कवटाळलं, की मधे सापडलेली नाइरा पुन्हा रडायला लागली.

त्या रात्री आई पाळण्याशेजारी बसली नाही. जेवण झाल्या झाल्या ती आडवी झाली आणि घोरायला लागली. कितीतरी आठवड्यांनी यास्नानं आईला असं झोपलेलं पाहिलं. तिनं पांघरूण आईच्या खांद्यावर ओढलं आणि दिवा मालवला.