भांडल्यावर आलेला झटका

थोरल्या ताईला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट.

दाजींच्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसेना, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. पुढे गुडघा तेवढंही बसू देईना, तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मी ती भाड्याने चालवू लागले. सकाळी शाळेच्या बाई, दुपारी दवाखान्यातले पेशंट, संध्याकाळी स्टेशनचं गिऱ्हाईक. लग्नाचं वय टळलेली मेहुणी बसून खाते, असं म्हणायची कुणाची छाती उरली नव्हती.

आणि गाडी बिघडली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही, आणि मग पाठीत गुद्दा घातल्यासारखा झटका. मोठ्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला.

"त्यापेक्षा विकून टाकू," दाजी म्हणाले. "रविवारी एक जण बघायला येतोय. नाहीतरी जुळ्यांना सांभाळायला घरात माणूस हवंच."

ते माणूस म्हणजे मी.

शुक्रवारी मी पुलाखालच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेले. एक गाडी जॅकवर चढवलेली होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी सगळी हकिगत त्या पायांनाच सांगितली.

"झटका कधी येतो?" खालून आवाज आला.

"वाटेल तेव्हा."

"वाटेल तेव्हा काही येत नसतं, बाई. पाहुणासुद्धा जेवायची वेळ बघूनच येतो."

मग उरलेला माणूस बाहेर आला. उंच, गालाला ग्रीस, आणि हसताना एक डोळा दुसऱ्याच्या आधी बारीक होणारा.

त्यांनी इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं, बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं. "पातळी ठीक आहे. जरा करपलंय. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. झटका तुमच्या हातून येतो ना, मग मलाही तो तुमच्याच हातून बघायचाय."

आम्ही निघालो. चढ झाला, उतार झाला, सगळे सिग्नल झाले. गाडी लोण्यासारखी चालली. मिस्त्री कान देऊन बसले होते. हात धुतलेल्या साबणाचा वास येत होता.

"येईल हं… आत्ता येईल," मी म्हणत राहिले.

शनिवारी दुपारी परत तेच. झटक्याचा पत्ता नाही.

"लाजतेय बहुतेक," मिस्त्री म्हणाले.

"गाडी?"

"मी कुठे म्हटलं दुसरं कोणी…"

मी मागचं बघायच्या आरशात बघितलं. मागे कोणीच येत नव्हतं.

गॅरेजकडे वळताना मात्र ते गंभीर झाले. "गाडीत काही दोष नाही. उद्या खुशाल विका."

"म्हणजे मी खोटं सांगते?"

"तसं नाही. दोष पायात असेल. बायकांना कुठं किती दाबायचं ते…"

"उतरा खाली!"

"चालत्या गाडीतून?"

"हो, चालत्या गाडीतून!" आणि मी रागाने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी क्षणभर अधांतरी राहिली, आणि धाडकन झटका बसला. मिस्त्रींचं डोकं मागे आपटलं.

"आला!" त्यांनी टाळी वाजवली. "आला, आला! परत दाबा!"

मी गाडी कडेला घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "मुद्दाम बोललात?"

"मुद्दाम. बायकांचं म्हटलं ते साफ खोटं, त्याची माफी मागतो. पण दोन दिवस तुम्ही गाडी अशी चालवताय, जशी मांडीवर पोर निजलंय. हळू चालवली की दोष झाकला जातो. जोरात दाबलं की आतला ऑइलचा दाब वाढायला हवा. तो वाढत नाही, म्हणून गिअर घसरतो." मग आपटलेलं डोकं चोळत, "रोज इतक्याच हळू चालवता?"

रोज शेजारी तुम्ही कुठे असता, हे मी त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, "रस्ता खराब आहे."

रस्ता गुळगुळीत होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी ऑइल काढलं, खालचा ट्रे सोडवला. ट्रेमधल्या चुंबकावर राखेसारखा मऊ गाळ होता. "लोखंडाचे तुकडे नाहीत. पोट शाबूत आहे हिचं." दाब सांभाळणारा बोटाएवढा व्हॉल्व्ह अडकत होता. तशाच एका मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला व्हॉल्व्ह त्यांनी सकाळी आणून बसवला, फिल्टर आणि ऑइल नवं घातलं.

दुपारी दाजींना मागच्या सीटवर बसवून मी पाय दाबला. गाडी सरळ निघून गेली. चौक आला.

"गाडी बघायला येणाऱ्याला नको म्हणून कळवतो," दाजी म्हणाले. "पोरी मी सांभाळीन. मांडी घालता येत नाही, पण पाळणा हलवता येतो."

हे सांगायला मी गॅरेजात गेले. मिस्त्री नुसतेच हात पुसत राहिले, फडकं हातांपेक्षा काळं होतं तरी.

"गाडी तर नीट झाली… आता तुमच्याशी भांडायला निमित्त कुठून काढू?" ते म्हणाले.

"लग्न केलंत तर निमित्त लागणार नाही."

त्यांचा एक डोळा आधी बारीक झाला, मग दुसरा.

निमित्त खरंच कधी लागलं नाही. गाड्या बदलल्या, चालवत मीच राहिले. मिस्त्री शेजारी बसून कान देत आणि चुका काढत.

शेवटी त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणताना मी गाडी अगदी सावकाश चालवत होते. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "इतकी हळू? आज कोण परका बसलाय शेजारी?"

"रस्ता खराब आहे," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मिस्त्री वारले. जुळ्यांना तेव्हा एकेचाळिसावं लागलं होतं.