शेवटच्या पेटीतील दोन ठोके

दिवा थोडा मंद करा आणि दार लोटून घ्या. बंधाऱ्यावरचा वारा थेट आत येतो आहे. तुम्ही मंडळी उद्यापासून रात्रपाळीवर जाणार, म्हणून ही हकीकत तुमच्या कानांवर घालणे मला आवश्यक वाटते. ती माझ्या बाबतीत घडलेली नाही. ओक्को मायनर्सच्या बाबतीत घडली. मी तेव्हाही येथेच, वजनकाट्याच्या खिडकीत बसत असे. आणि ओक्को हा मनुष्य खोटे बोलण्याइतका बोलकाच नव्हता.

ओक्को रद्दीची गाडी चालवीत असे. बंदरामागील दुकानांच्या आणि गोदामांच्या मागल्या दारांशी चाकांच्या मोठ्या निळ्या पेट्या उभ्या असतात. त्यांतील पुठ्ठा गोळा करून उजाडण्यापूर्वी या आवारात आणून ओतणे, हे त्याचे दर मंगळवारचे काम. त्याच्या जोडीला टाम्मे असे. टाम्मेने बोलावे आणि ओक्कोने ऐकावे, अशी त्यांची अनेक वर्षांची वाटणी होती. महासाथ आली आणि एका गाडीत एकच माणूस, असा नियम झाला. टाम्मेची रवानगी दिवसपाळीच्या लहान गाडीवर झाली. ओक्कोची पत्नी गेशे आधीच निवर्तली होती. त्यामुळे घरी भिंतीवरचे घड्याळ आणि गाडीत इंजिन, एवढीच काय ती त्याची सोबत उरली. पहाटे काट्यावर आला की तो बंद काचेपलीकडून "मॉइन" म्हणून नमस्कार करी. मला ते ऐकू येत नसे, ओठांवर दिसे. मी बोट उचलीत असे. त्याच्या दिवसभराच्या संभाषणाचा बहुधा तेवढाच भाग असावा.

काम मात्र दुप्पट झाले होते. दुकानांना कुलपे, माणसे घरांत; आख्खे शहर खोक्यांवर जगू लागले होते. आजची घरपोच खोकी उद्या लोक याच पेट्यांत आणून टाकीत, आणि परवा ती ओक्कोच्या गाडीत.

पेटी उचलण्यापूर्वी तिच्यावर मुठीने तीन ठोके द्यावेत आणि हाक मारावी, हा नियम तुम्ही शिकला आहात. त्याचे कारणही तुम्हांला ठाऊक असले पाहिजे. थंडीच्या दिवसांत बेघर माणसे पुठ्ठ्यात झोपतात, कारण पुठ्ठा ऊब धरून ठेवतो. काठोकाठ भरलेल्या पेटीत झाकण उघडून पाहिले तरी माणूस दिसत नाही. कोठल्याशा शहरात कोणीतरी एकदा ठोके द्यायला विसरले. ते शहर कोणते, हे विचारू नका. प्रत्येक जण दुसऱ्याच शहराचे नाव घेतो. ठोके देण्याचे काम टाम्मेचे असे. तो पेटी बडवी आणि ओरडे, "ओ पाहुणे! हॉटेल बंद झालं, खोली सोडा! न्याहारी मिळणार नाही!" आता ते काम ओक्कोकडे आले. तो ठोकी, आणि हळूच म्हणे, "कोणी आहे का?"

नाताळच्या आधी एका मंगळवारी उत्तर आले.

बंदराच्या अगदी टोकाला, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे, फेरीतील शेवटची पेटी उभी असे. ओक्कोने तीन ठोके दिले. आतून दोन ठोके आले. तो दचकला, परंतु गोंधळला नाही. त्याने झाकण उघडले आणि भर बर्फाळ वाऱ्यात, हाताने, एकेक खोके बाहेर काढून पेटी तळापर्यंत रिकामी केली. आत कोणीही नव्हते.

पुढल्या मंगळवारी तेच. तीनाला दोन. पुन्हा पेटी रिकामी केली. पुन्हा आत केवळ पुठ्ठा. त्या पहाटे त्याने टाम्मेला फोन लावला.

"टाम्मे, पेटीतून कोणीतरी ठोकतंय."

"मग झाकण उघड की! तुझी सासू असेल."

"थट्टा नको रे. तळापर्यंत बघितलं. आत कोणी नाही."

"वा रे वा! इतकी वर्षं मी घसा फोडला, तर तू माझं अक्षर ऐकलं नाहीस, आणि आता रिकाम्या पेटीचं ऐकतोस होय?"

"तुझं ऐकत होतो," ओक्को म्हणाला. "नुसतं उत्तर देत नव्हतो."

टाम्मे म्हणाला, "पुठ्ठा आकसतो थंडीनं, म्हाताऱ्या. वाजतो तसा. जा, झोप जा आता."

परंतु आकसणारा पुठ्ठा ठोके मोजून उत्तर देत नाही, हे ओक्कोला कळत होते. तरीही तो घाबरला नाही. मनुष्याला शौर्यापेक्षा एकटेपणा लवकर धीट करतो. तिसऱ्या खेपेस त्याने पेटी रिकामी केली नाही. उलट, ठोके देऊन, दोन ठोके ऐकून, तो जरा वेळ तिच्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बरं आहे ना?" मग तो दर मंगळवारी तिला काहीबाही सांगू लागला. गेशेच्या कुंडीतले झाड गारठून गेले. टाम्मेला खोकला झाला होता, पण तपासणीत काही निघाले नाही. रस्त्यावर आज फक्त एक मांजर दिसले. प्रत्येक वेळी तो शेवटी तीन ठोके देई. आतून दोन येत. त्यानंतरच तो पेटी गाडीच्या मागील हातांना अडकवी आणि दांडा ओढी. पेटी वर जाई, उलटी होई, पुठ्ठा दाबयंत्राच्या तोंडात पडे.

घात येथेच होता, मंडळी. ठोक्यांना उत्तर आले तर हात थांबला पाहिजे, यासाठीच हा नियम आहे. आणि ओक्कोचा हात त्याच उत्तराने निर्धास्त होऊ लागला होता.

आता ती रात्र. सन दोन हजार एकवीस, फेब्रुवारीची नववी तारीख, मंगळवार. दोन दिवस हिमवादळ झाले होते. तुमच्यापैकी काहींना ते आठवत असेल. बंदरातील पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता. गाड्या निघतील की नाही, याचीच शंका होती, पण ओक्को निघाला. त्याला फेरीची चिंता नव्हती. शेवटच्या पेटीपर्यंत पोहोचायचे, एवढेच त्याच्या मनात होते. रविवारपासून तो कोणाशीही एक शब्द बोलला नव्हता.

दीडच्या सुमारास तो फर्निचरच्या दुकानामागे आला. दिवा एकच, तोही मिणमिणता. पेटी काठोकाठ भरलेली होती आणि झाकणावर संध्याकाळपासून पडलेला बर्फ साचला होता.

त्याने तीन ठोके दिले.

दोन ठोके आले.

"मॉइन," ओक्को म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. "काय गारठा पडलाय बघ. आज फार बोलत नाही. लवकर उरकू."

त्याने पेटी अडकवली. दांड्यावर हात ठेवला. ओढला.

पेटी वर जाऊ लागली.

आणि ठोका आला.

पेटीतून नव्हे.

गाडीतून... दाबयंत्राच्या मागून, जेथे संध्याकाळपासूनचा पुठ्ठा विटेसारखा घट्ट बसला होता. तेथे उंदीरसुद्धा जिवंत राहिला नसता.

ओक्को स्तब्ध झाला. पेटी वर जातच होती.

पुन्हा ठोका. मोठा. मग एकामागून एक... मोजता येणार नाहीत असे... जणू आतला कोणी दोन्ही मुठींनी पोलाद बडवतो आहे. गाडीचा पत्रा थरथरला. ओक्कोच्या तळव्याखालचा दांडा थरथरला.

त्याने तांबडे बटण दाबले.

सारे थांबले. इंजिन. पेटी. ठोके.

काही नाही.

वारासुद्धा नाही...

आणि मग वर, अर्धवट कललेल्या पेटीत, कोणीतरी खोकले.

ओक्कोने दोन्ही हातांनी दांडा धरून पेटी खाली उतरवली. त्याने झाकणावरचा बर्फ ढकलला, खोकी उपसली. तळाशी, मोठ्या कपाटाच्या खोक्यात गुडघे पोटाशी घेऊन, एक पन्नाशीचा माणूस होता. डोळे किलकिले करून तो म्हणाला, "मारू नका. जातो. लगेच जातो."

"कोण मारतंय तुला? लागलं का कुठं?"

"नाही. थंडी... फार थंडी."

त्याचे नाव कोस्तेल. तो रुमानियाचा; मांसाच्या कारखान्यात कामाला होता. साथ शिरली, कारखाना बंद झाला आणि त्याबरोबर कामगारांच्या वसतिगृहातील खाटही गेली. परतीची बस नव्हती. त्या पेटीत त्याची ती पहिलीच रात्र होती.

"तू ठोकलंस ना?" ओक्कोने विचारले. "मी तीनदा, तू दोनदा."

"मी? नाही. मी झोपलो होतो. सगळं तिरकं झालं, तेव्हा जाग आली."

"आणि नंतर? गाडीवर? तो एवढा दणका..."

कोस्तेल त्याच्याकडे पाहतच राहिला. "साहेब, मी इथं खोक्यात. गाडी तिथं. एवढा लांब हात कुठून आणू?"

ओक्कोने गाडीचे पलीकडचे दार उघडले.

"एकाच माणसाचा नियम आहे ना?" कोस्तेल म्हणाला. "माझ्या तोंडाला फडकंही नाही."

"चढ आधी. नियम गारठून मरत नाही, माणूस मरतो."

त्या पहाटे काट्यावर गाडी आली, तेव्हा मला काचेत दोन डोकी दिसली. मी अडसर उचलला. ओक्कोने गाडीतील सगळा माल ओतला आणि फावड्याने तो पसरीत, उलथापालथ करीत, उजाडेपर्यंत शोधीत राहिला. मीही मदतीला गेलो. पुठ्ठा, पुठ्ठा आणि पुठ्ठा. त्याखेरीज काही नव्हते. तेथे उभ्या उभ्याच त्याने मला सारे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "आज आत कोणीतरी आहे म्हणूनच ते ठोकत होतं. पहिल्यापासून सांगत असेल, उत्तर आलं की थांब, आत बघ. आणि मी गप्पा मारत बसलो."

कोस्तेल ओक्कोच्या घरी, मागल्या खोलीत राहू लागला. तो मोडक्यातोडक्या भाषेत अखंड बडबडे. ओक्को हळूहळू उत्तरे देऊ लागला.

पुढल्या मंगळवारी ओक्को शेवटच्या पेटीपाशी गेला. तीन ठोके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. नाही. "रागावलास का?" असेही विचारले म्हणे. मग त्याने पेटी हाताने, तळापर्यंत रिकामी केली. आता तो प्रत्येकच पेटी तशी पाहत असे. एवढ्याने त्याचे समाधान होईना. एका जिवाचे ऋण नुसत्या शब्दांनी कसे फिटावे? कोस्तेलने दिलेल्या थर्मासमधला चहा त्याने कपात ओतला, खडीसाखरेचा खडा टाकला, कप रिकाम्या पेटीच्या झाकणावर ठेवला, आणि गाडीचे मागील दार बंद करायला गेला.

परत आला, तेव्हा कप रिकामा होता.

मंडळी, आपल्याकडचा चहा तुम्ही जाणता. आपण तो ढवळीत नाही. चमचा दिला जातो तो एवढ्याचसाठी की, यजमान कप भरतच राहतो, आणि पाहुण्याने चमचा कपात उभा केला म्हणजे समजावे, पुरे झाले, आता निघतो.

ओक्कोच्या गाडीत चमचा नव्हता. कधीच नव्हता; एकट्याला 'पुरे' कोणाला म्हणायचे असते?

त्या कपात चमचा उभा होता. लहान, जुन्या घडणीचा, दांडीपाशी झिजलेला. ओक्कोने पहाटे तो काट्याच्या खिडकीतून माझ्या हातात दिला. बाहेर सारे गोठलेले होते, आणि तो रस्ताभर गाडीच्या बाहेरील बाजूच्या उघड्या डब्यात पडून आला होता.

चमचा कोमट होता.