उश्कानीचा निळा बर्फ

ग्लेबला उश्कानी बेटांवरचा निळा बर्फ बघायचा होता. नुसता बघायचा नव्हता, त्याच्यासमोर उभं राहून जगाला दाखवायचा होता. मार्चमध्ये बायकल सरोवराच्या पाठीवर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढतात, उभ्या फुटतात आणि त्या बेटांच्या कडेला दोन पुरुष उंचीच्या निळ्या भिंती उभ्या राहतात. मागून ऊन आलं की वाटतं, आत कुणी दिवा लावलाय. आमच्या ओल्खोन बेटाच्या उत्तर टोकापासून तिथवर ऐंशी किलोमीटर. स्लेज ओढत चालायचं, बर्फावरच झोपायचं, चौथ्या दिवशी पोचायचं.

ग्लेब पेर्म शहराचा, वय छत्तीस. खुझिर गावातल्या माझ्या घरात दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. तिथे उतरल्या उतरल्या त्याने सांगून टाकलं, "झोयाबाई, मी अकरा देश फिरलोय. मिठाचं वाळवंट, लाव्हाचं तळं, सगळं एकट्याने. कुठली कंपनी नाही, कुणी वाटाड्या नाही."

एकट्या माणसाचे फोटो कोण काढतं, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. या खेपेला ते काम त्याच्या धाकट्या भावाचं होतं. सावा बावीस वर्षांचा, जाड चष्मा लावणारा, हसताना तोंडावर हात धरणारा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. ओझं ओढणं त्याला जमेना हे गावातल्या चढावरच दिसलं, म्हणून ग्लेबने मला आणि येरमोलाय मामाला विचारलं.

"वाट मला माहीत आहे, यंत्रात दिसते," तो म्हणाला. "मला वाटाड्या नको. ओझं ओढणारे हवेत."

मामा साठीचा. चाळीस हिवाळे त्याने या बर्फाला भोकं पाडून मासे काढले. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "घोडा घेऊन जा की. तो उलट बोलत नाही."

"घोडा खातो जास्त."

"मीही खातो," मामा म्हणाला, आणि उठून पहार शोधायला गेला. मी नंतर विचारलं, मामा, कशाला हो म्हणालास? तो म्हणाला, "तो चष्मेवाला बघितलास ना? त्याला एकट्याला याच्याबरोबर पाठवू?"

बेटाच्या उत्तरेच्या खोबोय टोकावर मामाने सरोवराच्या नावाने अनामिका दारूत बुडवून चार दिशांना चार थेंब उडवले. सावानेही त्याचं बघून उडवले. ग्लेबने घड्याळ बघितलं.

पहिले दोन दिवस बर्फ काळ्या काचेसारखा होता. पायाखाली पांढरे बुडबुडे माळेसारखे गोठलेले, त्याखाली अंधार, आणि त्या अंधारातून मधूनच तोफ डागल्यासारखा आवाज यायचा. सावा दचकायचा.

"काही नाही रे," मी सांगायची. "सरोवर कूस बदलतंय."

"कूस बदलताना आपल्याला खाली घेणार नाही ना, मावशी?"

"याला घरी आईच्या कुशीतच ठेवायला हवं होतं!" पुढून ग्लेब ओरडायचा. "सावा, आईला फोन लावू का? ये म्हणावं, तुझं पोर उचलून ने!" सावा तोंडावर हात धरून हसायचा. दिवसातून दहा वेळा हे चालायचं, आणि दर खेपेला हसताना तो एक क्षण उशीर करायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेग लागली. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गेलेली, हात-दीड हात रुंद, आणि आत काळं पाणी वरखाली होत होतं. मामाने काठावर पहार मारली. बर्फ बद्द वाजला.

"काठ कुजलाय. उत्तरेला तासभर चालू. तिथे ही अरुंद होते, फळी टाकून जाऊ."

"एक तास? हिच्यासाठी?" ग्लेबने चार पावलं मागे घेतली, धावला आणि उडी मारून पलीकडे गेला! त्याची स्लेजही दोरीने ओढल्यावर उडून पार झाली. तो पलीकडून टाळ्या वाजवू लागला. "म्हातारे तासभर चालू देत! चल सावा! का तुझ्यासाठी पूल बांधू?"

"सावा, थांब," मामा म्हणाला.

"बाळाला थांबायला सांगतायत! थांब बाळा!"

सावाने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि धावला. त्याचे पाय पलीकडे टेकले, आणि काठ कोसळला! कमरेपर्यंत तो पाण्यात. ओरडलाही नाही. नुसती बोटं बर्फावर घसरत होती. मामाने फळी फेकली, तिच्यावरून पोटावर सरपटत गेला, त्याची कॉलर धरली. मी मामाचे पाय धरले. ओढून काढला तेव्हा त्याच्या पँटीवर बर्फाची साल आली होती आणि बुटांतून पाणी नव्हे, चुरा पडत होता.

ग्लेब म्हणाला, "अरे, उडी तरी नीट मारायची!"

स्टोव्ह ग्लेबच्या स्लेजवर होता, म्हणून सावाला घेऊन आम्ही फळीवरून पलीकडे गेलो; मग थांबण्यावाचून इलाज नव्हता. पुढे दोनशे पावलांवर दुसरी भेग दिसत होती, मागे ही. अशा मधल्या पट्ट्यावर मुक्काम करायचा नसतो. पण त्या मुलाला आत्ता, याच क्षणी ऊब हवी होती. स्टोव्ह पेटवला, त्याचे कपडे बदलले, पाय चोळले. डावा पाय मेणासारखा पिवळा झाला होता. मामा म्हणाला, "ग्लेब, फोन लाव. बचावपथकाला बोलव."

"पाय ओला झाला म्हणून? सकाळपर्यंत ठीक होईल. पंधरा किलोमीटर राहिलेत फक्त!" तिथे चालणारा एकुलता उपग्रह-फोन त्याच्या छातीवरच्या खिशात होता, आणि तो काही तिथून निघाला नाही.

पहाटे मला जाग आली ती शांततेने. सरोवर बोलायचं थांबलं होतं. मामा बाहेर उभा, नाक नैर्ऋत्येकडे.

"कुलतुक वारा येतोय," तो म्हणाला. "झोया, तंबूचे बर्फातले स्क्रू तपास. ग्लेब, तुझी स्लेज बांध!"

ग्लेबने भांडी, स्टोव्ह, खाणं आणि कॅमेरे पहाटेच स्लेजवर चढवून ठेवले होते. "दहा मिनिटांत निघायचंय," तो म्हणाला. "बांधायची कशाला?"

आणि वारा आला!

तो हळूहळू वाढला नाही. एकदम, भिंत पडावी तसा आला. पहिल्याच तडाख्यात तंबूचे वाऱ्याकडचे चार स्क्रू बर्फाचे टवके घेऊन उपटले. आत सावा, स्लीपिंग बॅगमध्ये गळ्यापर्यंत बांधलेला! तंबू शिडासारखा फुगला आणि सरकू लागला. मामाने पहार भेगाळ बर्फात रोवली, एक दोरी तिच्याभोवती आणि हाताभोवती गुंडाळली. दुसरी ग्लेबने धरली. मी गुडघ्यांवर बसून नवा स्क्रू फिरवत होते. फिरवायची, वारा मला ढकलायचा, पुन्हा फिरवायची.

"धरा!" मी ओरडले. "आणखी थोडा वेळ!"

तेवढ्यात ग्लेबची स्लेज हलली. आधी वीतभर, मग हातभर. मग ती वळली आणि सुटली.

ग्लेबने स्लेजकडे बघितलं. हातातल्या दोरीकडे बघितलं. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता, त्यावर भीती नव्हती. दुकानात दोन वस्तूंपैकी एक निवडताना माणूस दिसतो तसा तो दिसत होता. आणि त्याने दोरी सोडली.

तंबू गर्रकन फिरला! पहार उपटली. मामा तोंडावर आपटला, पण हाताची गुंडाळी सुटली नाही. तंबू त्याला ओढत भेगेकडे निघाला. त्याचा हातमोजा उडाला. उघड्या हातावर दोरी काचत होती आणि बर्फावर तांबडी रेघ उमटत होती. मी धावले. धावले कसली, वाऱ्यानेच नेलं. तंबूवर अंग टाकलं, कमरेचा मासे कापायचा सुरा काढला आणि कापडात खुपसला. वरपासून खालपर्यंत! हवा किंकाळी फोडत बाहेर पडली. मी आणखी एकदा फाडलं. तंबूचं चिरगूट झालं, आणि आम्ही थांबलो.

पुढची भेग वीस पावलांवर होती. मामाची स्लेज, फळी आणि घोंगड्या तिच्यात जाताना मी बघितल्या. ग्लेब कधीच उडी मारून पलीकडे गेला होता. पाठीवर वारा घेऊन, लहान लहान होत, पांढऱ्यात मिसळला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

"दादा कुठे आहे?" सावाने चिंध्यांतून डोकं काढून विचारलं. चष्म्याची एक काच गेली होती.

मामा म्हणाला, "स्लेज आणायला गेलाय. येतो."

एका उभ्या लादीच्या आडोशाला आम्ही सावाला ओढून नेलं. तंबूच्या चिंध्या त्याच्याभोवती गुंडाळल्या. स्टोव्ह नाही, चहा नाही, फोन नाही. मामाच्या खिशात वाळवलेल्या ओमुल माशाचे दोन तुकडे होते. मामाने अंगरखा उघडला, शर्ट वर केला, आणि मुलाचे दोन्ही पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेतले. त्याचं अंग एकदा थरारलं. म्हणाला, "बायको असती तरी तिचे असे लाड मी केले नसते." सावा हसला. तोंडावर हात न्यायला त्याला जमलं नाही.

दहाच्या सुमारास वारा जसा आला तसा गेला. आकाश निळं झालं, आणि थंडी खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. मी उभी राहून ईशान्येला बघत होते. ग्लेब आता येईल. वारा नाही, ऊन आहे, आता आला पाहिजे. सावा विचारायचा, "दिसतो का?" मी म्हणायची, "बर्फाची चमक डोळ्यावर येतेय रे." पाचव्या-सहाव्या खेपेनंतर त्याने विचारणं सोडलं.

मामा ओरडायचा, "गावातल्या घोड्यांची नावं सांग! पाठ केलीस ना काल? सांग!" सावा सांगायचा, चुकायचा, मामा शिव्या द्यायचा. स्वतःच्या उजव्या हाताकडे मामाने एकदाही बघितलं नाही. मी बघितलं होतं. बोटं पांढरी आणि कडक, मेणबत्त्यांसारखी.

साडेसहाला, ऊन लादीवरून उतरत असताना, बचावपथकाची हवेवर तरंगणारी बोट घोंघावत आली. आतल्या माणसाने सांगितलं, "पाच वाजता फोन आला. तुमचा तो मित्र सुखरूप आहे, उश्कानीच्या चौकीवर. म्हणाला, तिघे मागे राहिलेत."

मागे राहिलेत!

ग्लेबलाही घ्यायचं असल्याने बोट आधी बेटांकडे गेली. भेगेपलीकडे तीन किलोमीटरवर उभ्या लाद्यांची रांग होती. चालकाने वेग कमी केला तेव्हा मला खाली सगळं वाचता आलं. स्लेज इथे अडकली होती. खिळ्यांच्या बुटांचे ठसे तिच्याभोवती फिरले होते. साखरेचा कागद पडला होता, स्टोव्हने वितळलेला एक गोल खळगा होता. त्याने इथे बसून चहा केला होता. वारा पडेपर्यंत थांबला होता. आणि तिथून ठसे निघाले होते, आमच्या दिशेने एकही नाही. सगळे बेटांकडे, सरळ, न घाईचे, न अडखळलेले.

मी मामाकडे बघितलं. त्यानेही वाचलं होतं. सावाचे डोळे मिटलेले होते, एवढंच बरं होतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात सावाच्या डाव्या पायाची पाचही बोटं कापली, उजव्याची दोन. मामाच्या उजव्या हाताची तीन. दोघांना एकाच खोलीत ठेवलं होतं. चौथ्या दिवशी ग्लेब आला. चॉकलेटचा मोठा डबा घेऊन, गालावर उन्हाचा तांबूस रंग घेऊन.

"कसा आहेस, हिरो?" तो पलंगाच्या कडेला बसला. "मी काय करणार होतो सांग. स्लेज गेली असती तर सगळेच मेलो असतो. फोन गारठला होता, अंगाशी धरून गरम करावा लागला. पण लागला ना शेवटी? माझ्यामुळेच तुम्ही वाचलात."

मामा छताकडे बघत होता.

"बघ, तुझ्यासाठी आणलंय." ग्लेबने मोबाइल पुढे केला. उश्कानीची निळी भिंत! मागून ऊन, आतून पेटलेली. तिच्यासमोर हात पसरून ग्लेब. खरंच, तसा बर्फ मीही कधी बघितला नव्हता.

सावाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"हा किती वाजता काढलास?"

ग्लेबला असल्या तपशिलांचा अभिमान होता. त्याने लगेच बघून सांगितलं, "दोन वाजून दहा मिनिटं. तिपाई लावून काढला. उजेड तेव्हाच सगळ्यात चांगला होता. अर्ध्या तासाने भिंत सावलीत गेली."

दोन वाजता सावाचं थरथरणं थांबलं होतं. त्याला गरम व्हायला लागलं होतं, तो कोटाची बटणं काढायला बघत होता, आणि मामा डाव्या हाताने त्याच्या कानाखाली मारत होता, रडत होता, पुन्हा मारत होता. हे सावाला मी सांगितलं नव्हतं. पण त्याच्या गालावरचा वळ अजून गेला नव्हता.

"छान आलाय," सावा म्हणाला आणि मोबाइल परत दिला. "आता जा."

"उद्या येतो. आईशी बोलून घेऊ दोघं."

"नको येऊस, ग्लेब."

ग्लेब हसला. मग माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि हसायचा थांबला. चॉकलेटचा डबा पलंगावरून उचलून टेबलावर ठेवला, पुन्हा पलंगावर ठेवला, आणि गेला. जिन्यावर त्याचे बूट बराच वेळ वाजत होते.

"मावशी," सावा म्हणाला, "चहा आहे का?"

मी थर्मासमधून ओतला, दूध घालून, आमच्याकडे करतात तसा. त्याने कप दोन्ही हातांत धरला. पलीकडच्या पलंगावरून मामा म्हणाला, "मलाही दे. आणि मला कप धर, बाई. मला आता डाव्या हाताने शिकावं लागणार सगळं."