आधी गज टाका

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यावरच गुदरलेलं आहे, आणि यातला अर्धा भाग कोर्टाच्या कागदांवर आहे. उरलेला अर्धा कुणी लिहून घेतला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

भुताच्या गोष्टीत अमावस्येची रात्र लागते. माझ्या वेळी भर दुपार होती. यंदाच्या फेब्रुवारीतला शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाली होती आणि जुन्या नाशकातली आमची गल्ली जेवून आडवी झाली होती.

माझं नाव मुस्तकीम. आमचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं, रीतसर लायसन्सचं. माझ्या अब्बांना, इब्राहिम मिस्त्रींना, पेठ-सुरगाण्यापर्यंत लोक ओळखायचे. डोंगरातले शेतकरी रानडुकरं हाकलायला ठासणीची बंदूक ठेवतात, त्या सगळ्या आमच्याकडे यायच्या. या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे. मग मागच्या बारीक नळीवर एक छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार.

अशी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून अब्बांचा एकच नियम होता.

आधी गज.

गज म्हणजे लांब सळई. आमच्या दुकानात पितळी होती. ती नळीत सोडायची आणि कान द्यायचा. तळाला लोखंड लागलं तर 'टण' वाजतं, म्हणजे रिकामी. आत दारू आणि चिंधी असली तर आवाज मरतो.

थप... एवढंच.

रात्री स्वतः रिकामी करून ठेवलेल्या बंदुकीतही अब्बा सकाळी पुन्हा गज टाकायचे. मला हसू यायचं. मग ते मला ऐकवायचे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पुढे अब्बा गेले आणि दुकानात शहाणा मी एकटाच उरलो.

दोन वर्षांपूर्वी लोकसभेची निवडणूक झाली. निवडणूक लागली की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. पेठकडचा काळू त्याची बंदूक परत घेऊन सरळ माझ्याकडे आला. सोबत त्याचा मुलगा धनराज होता. बावीस वर्षांचा, लग्न ठरलेला. बंदुकीची टोपीची नळी गंजून घट्ट बसली होती, ती बदलायची होती.

भरलेली नाही ना, एवढं मी विचारलं.

"नाय मिस्त्री. तीन महिने ठाण्यातच होती."

मला वाटलं, ठाण्यात कुणीतरी तपासलीच असेल. ठाण्यातल्यांना वाटलं असेल, काळूने रिकामी करूनच आणली असेल. आणि काळूला वाटलं होतं, टोपी काढली की झालं. डोंगरात सगळे असंच करतात. डुकरांच्या दिवसांत बंदूक भरून कोपऱ्यात उभी करायची आणि टोपी तेवढी काढून खिशात ठेवायची. आत भरलेलं पुन्हा कोण उपसत बसणार?

गज माझ्या डोक्यावरच खिळ्याला टांगलेला होता.

मी तो काढला नाही. पाऊस धरला होता आणि मला काम लवकर उरकायचं होतं. बंदूक शेगड्यात, म्हणजे टेबलावर बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळली आणि घट्ट बसलेली नळी सैल व्हावी म्हणून तिच्यावर गॅसचा बर्नर धरला.

समोर बाकावर धनराज चहा पीत होता. चहा गरम होता. त्याने फुंकर मारली, एक घोट ओढला... सुर्रर्र.

टोपी नव्हती, घोडाही कुणी ओढला नव्हता. पण बंदुकीला आत दारू असली की नुसती आगही पुरते.

त्या छोट्या दुकानातला तो आवाज मी सांगू शकत नाही. धूर खाली बसला तेव्हा धनराज बाकावरच होता. चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच होता.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. पोलीस येईपर्यंत मी बर्नर आत लपवला. जबाबात सांगितलं की मी गज टाकला होता, बंदूक रिकामी होती. मी हत्यारं आणायला आत गेलो, तेवढ्यात काळूनेच ती भरून बघितली. दुकानात आम्ही तिघंच होतो आणि त्यातला एक गेला होता.

काळूने मला खोटं पाडलं नाही. तो मुलाचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होता, "माझीच बंदूक." पोलिसांनी तेच लिहून घेतलं. स्वतःच्या मुलाच्या मरणाचा आरोपी काळू झाला आणि मी झालो साक्षीदार.

माझी मुलगी इन्शा तेव्हा चार वर्षांची होती. मी तिच्यासाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला रोज समजावत होतो.

लायसन्स गेलं. दुकान बंद पडलं. ज्यांच्या बंदुका होत्या ते घेऊन गेले. काळूची बंदूक मुद्देमाल म्हणून जमा झाली. यंदा कोर्टात माझ्या साक्षीची तारीख लागली, सोमवारची. दुकानाची जागाही सोडायची होती, म्हणून आधीच्या शुक्रवारी मी उरलंसुरलं सामान काढायला गेलो.

दुकानाच्या मागे एक खोली आहे. बंदुका ठेवायची. खिडकी नाही, जाड लोखंडी दार, आणि कडी फक्त बाहेरून. वीज तोडलेली होती, म्हणून मोबाईलच्या उजेडात आत शिरलो. दुकान बंद करताना सगळं इथेच आणून ठेवलं होतं. टेबलासकट शेगडा होता, अब्बांचा गज खिळ्याला टांगलेला होता आणि भिंतीशी तो बाक ढकलून ठेवलेला होता.

खोलीत एकही बंदूक नव्हती. हे लक्षात ठेवा.

मी शेगड्याचे बोल्ट सोडत होतो. मागे दार लागलं. वाऱ्याने लागलं असेल म्हणून मी तसाच काम करत राहिलो.

मग कडी सरकली... सावकाश, शेवटपर्यंत.

मी दार ढकललं. हललं नाही. हाका मारल्या, लाथा घातल्या. बाहेर गल्लीत कुणाचा तरी रेडिओ वाजत होता, तो मला ऐकू येत होता. माझं मात्र कुणाला ऐकू गेलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती. सव्वातीन वाजले होते.

कुणीतरी येईल म्हणून मी दाराला पाठ लावून बसलो. बॅटरी वाचवायला उजेड बंद केला.

थप...

आवाज समोरच्या कोपऱ्यातून आला. मी उजेड पाडला. कोपऱ्यात काही नव्हतं. गज खिळ्यालाच होता, त्याच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून मी स्वतःला दटावलं. उजेड बंद केला.

थप...

या वेळी शेगड्याजवळून. मी लहानपणापासून बंदुकांत वाढलो, हा आवाज झोपेतही ओळखेन. भरलेल्या नळीत गज पडल्याचा आवाज होता. आणि त्या खोलीत नळीच नव्हती.

मी आयतुल कुर्सी म्हणायला घेतली, भीतीच्या वेळी म्हणतात ती कुराणातली आयत. पाठ आहे, पण मध्येच शब्द अडले. हवा जड झाली होती. जळलेल्या दारूचा सडक्या अंड्यासारखा वास नाकात भरला. मला खूप भीती वाटली, आणि त्यातही काळू डोळ्यांसमोर येत होता. सोमवारी मी तेच खोटं बोललो की तो आत जाणार होता. अशाच एखाद्या खोलीत, बाहेरून कडी लावलेल्या.

थप...

माझ्या छातीसमोर. हात पुढे केला असता तर लागला असता, इतक्या जवळ.

आणि मग बाकावरून... कुणीतरी फुंकर मारली. हळू. गरम चहावर मारतात तशी.

सुर्रर्र...

मी उजेड पाडला नाही. माझी हिंमत झाली नाही. अंधारातच बोललो, "धनराज, मी गज टाकला नव्हता."

सगळं थांबलं. वासही गेला. थोड्या वेळाने बाकाच्या फळीवर रिकामा ग्लास ठेवल्याचा आवाज झाला.

दार उघडलं नाही. पाच वाजता बायको, खुर्शीदा, शोधत आली तोवर मी तिथेच बसून होतो. तिने दार सहज ढकललं. मी कडीबद्दल विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. कडी लावलेलीच नव्हती म्हणे, दार नुसतं लोटलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यानंतर मी सुधारलो असेन. नाही. भीती दोन दिवसांत शिळी होते. खुर्शीदाने इन्शाची शपथ घातली. ओळखीच्या एका वकिलांनी बजावलं की जबाब बदललास तर स्वतःच अडकशील. सोमवारी कोर्टात पोचलो तेव्हा तेच जुनं खोटं माझ्या तोंडात तयार होतं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या पिंजऱ्यात काळू होता. खूप वाळला होता. माझ्याकडे रागाने बघत नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

बंदूक ओळखायची होती. सील तोडलं. हवालदाराने बंदूक उचलली आणि माझ्याकडे घेऊन आला. येताना तिची नळी आधी कारकुनाकडे फिरली, मग वकिलांकडे, मग माझ्याकडे. कुणी मान वळवली नाही. दोन वर्षं कपाटात होती, रिकामीच असणार.

"आधी गज टाका," मी म्हणालो.

सरकारी वकील हसले. न्यायाधीश मॅडम हसल्या नाहीत. मी हात जोडून पुन्हा तेच म्हणालो, तेव्हा त्यांनी हवालदाराला खूण केली. ठासणीच्या बंदुकीच्या नळीखाली तिचा स्वतःचा गज खोचलेला असतो. हवालदाराने तो ओढून काढला आणि नळीत सोडला.

थप...

मी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

"रिकामी आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. कारकून खाली मान घालून लिहीत होता. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

"नाय," समोरून काळू बोलला. "भरलेली हाय."

एवढ्या माणसांत तो आवाज आम्हा दोघांनाच आला होता. आणि नळी अजून माझ्या छातीकडे होती. मला त्या पिंजऱ्यातून कुठेही जाता येत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. पोलिसांनी तपासलं असेल असं समजून गज चुकवला ते, बर्नर, तो कुठे लपवला ते, आणि काळूने बंदुकीला हातही लावला नव्हता तेही. बोलताना रडलो. मॅडमनी मला दोनदा विचारलं की जबाब बदलल्याचा परिणाम ठाऊक आहे ना. मी हो म्हणालो. शेवटी त्यांनी खात्रीसाठी हवालदाराला पुन्हा गज टाकायला लावला.

टण.

स्वच्छ. देवळातली लहान घंटा वाजावी तसा. दोन वर्षांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता जे होईल ते होवो, असं वाटलं.

पुढे काळू सुटला. आता केस माझ्यावर आहे, मी जामिनावर आहे. खुर्शीदा माझ्याशी कामापुरतं बोलते.

काळू सुटला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी त्याचे पाय धरले. त्याने मला उठवलं आणि बाकावर शेजारी बसवलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही. साक्षीच्या दिवशी शेवटी 'टण' वाजला तो तुम्हीही ऐकलात ना, असं मी त्याला विचारलं. त्यालाही तेवढंच सुख मिळालं असेल, असं मला वाटत होतं.

काळूने मान हलवली.

"नाय मिस्त्री. मला थपच आला."

मी पुन्हा विचारलं, शेवटचा, मॅडमनी टाकायला लावला तो?

"दारू तर मीच भरली होती ना," तो म्हणाला. "घरी बी येतो. बंदूक ठेवायचो त्या कोपऱ्यातून. रोज चहाच्या टायमाला."

तो पेठच्या एसटीत बसून गेला. मी आवारातच उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे. ती बंदूक पुन्हा बाहेर काढतील. हवालदार म्हणेल, रिकामी आहे. मला तर 'टण' ऐकू आला होता, मग घाबरायचं कारण नाही, असं मी स्वतःला सांगतो.

पण अब्बा रात्री रिकामी केलेल्या बंदुकीतही सकाळी पुन्हा गज टाकायचे. आणि हल्ली इन्शा चहावर फुंकर मारते ना... मी खोलीतून उठून जातो.