शेलूबाजारच्या अणुघड्याळाचा गुन्हेगार

फौजदार देवमन खिल्लारे हवालदाराला घेऊन केंद्रावर पोचले, तेव्हा पहारेकरी रामधन मान खाली घालून बाकावर बसला होता. फाटकाबाहेर त्याची बायको रडत होती.

"याला आजच अटक करा," डॉ. सबनीस म्हणाल्या. १९७८ साली शेलूबाजारजवळच्या माळावर उभ्या राहिलेल्या या तात्पुरत्या संशोधन केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. "अणुघड्याळाच्या खोलीची किल्ली काल याच्याकडेच होती. मी दिवसभर अकोल्याला होते."

"चोरीला काय गेलं, बाई?"

"चोरी नाही. आमचं घड्याळ आणि दिल्लीचं घड्याळ आम्ही उपग्रहामार्फत रेडिओ संदेश पाठवून ताडून पाहतो. इतके दिवस दोन्ही जुळत होती. आज सकाळी एकाएकी फरक आला. सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश, पण तेवढ्यानं प्रयोग वाया जातो!"

तेवढ्यात सहायक अभियंता माणिकराव सायकलवरून उतरले. काल ते सुट्टीवर, आसेगावला घरी होते.

"आपला धरमसिंग ड्रायव्हर रस्त्यात भेटला. गडबड झाली म्हणे," ते धापा टाकत म्हणाले. मग रामधनकडे वळले. "काहून हात लावला रे त्याले? पाडलं न घड्याळ मागं!"

रामधननं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते.

देवमन त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"खोलीत गेला होता का?"

"नाही जी. मले त्या डब्ब्याचं भेव वाटते."

"काल कोनी आलं होतं?"

"मी होतो तवा कोनीच नाही. दुपारी जेवाले घरी गेलो होतो."

"फाटक?"

"उघडंच होतं, साहेब. माही चूक झाली."

देवमन डॉ. सबनीसांकडे वळले. "फरक वाढत चालला आहे का?"

"नाही. सकाळी होता तेवढाच आहे."

देवमन बाकावरून उठले. मग विचारलं, "खोलीतून संदेश बाहेर कसा जातो?"

बाईंनी मोठ्या तबकडीसारख्या अँटेनाकडे बोट केलं. खोलीपासून तिथवर जमिनीखालून केबल गेली होती. देवमन त्या रेषेनं चालू लागले; बाकीचेही मागोमाग निघाले. कुंपणापलीकडे शेजारच्या मळ्यातली गोमतीबाई वांगी तोडत होती. कुंपणालगत एका जागी माती भुसभुशीत होती.

"मावशी, हे तुमी खोदलं?"

"म्या कायले खोदू? माह्या वाफ्याची कड ढासळली. सकाळपासून शिव्या देऊन राह्यली मी!"

देवमननं हवालदाराला खोदायला लावलं. कुदळीला आधी धातूचा चकचकीत जोड लागला. त्याच्या पुढे नव्या केबलचं भलंमोठं वेटोळं पुरलेलं होतं.

डॉ. सबनीस खड्ड्याच्या काठावर बसल्याच.

"घड्याळाचा वेग बिघडला असता, तर फरक वाढत गेला असता," देवमन म्हणाले. "तो एकदाच आला आणि तिथंच थांबला. म्हणून मला वाटलं, घड्याळ ठीक आहे, संदेशाची वाट लांबली असेल. बरोबर?"

"अगदी बरोबर. संदेश उशिरा पोचला, म्हणूनच आमचं घड्याळ मागे दिसलं."

"असा जोड रामधनला जमेल?"

"छे! आम्हा दोघांनाच येतो. मला आणि..." त्यांची नजर माणिकरावांकडे गेली.

"बाई, घड्याळ मागे पडलं की पुढे गेलं, हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं? धरमसिंगला?"

"कोणालाच नाही. त्याला नुसती गडबड म्हणाले."

"मंग माणिकराव, तुमाले मागं पडलेलं कसं समजलं?"

माणिकरावांनी खड्ड्यातल्या वेटोळ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "प्रयोग जमला की केंद्र बंद होनार होतं. माही बदली थेट शिलाँगले. घरी बायको, जिजाबाई, अंथरुणावरून उठत नाही, डॉक्टर तिले हलवू देत नाहीत. आकडे बिघडले तर मुदत वाढीन, एवढंच मनात होतं. रामधनवर आळ येईन, असं वाटलं नव्हतं."

"आला तवा बोलले काहून नाही? उलट तुमीबी त्याच्यावरच बोट दाखवलं."



रामधन पुढे आला आणि माणिकरावांसमोर उभा राहिला. मारतो की काय, म्हणून हवालदार पुढे सरकला.

"माणिकभाऊ," रामधन म्हणाला, "माही बायको रोज आसेगावले गेली असती वहिनीजवळ. तुमी नुसतं म्हनायचं होतं."

एवढं बोलून तो फाटकाकडे निघाला. डॉ. सबनीसांनी हाक मारली, पण तो वळला नाही.

देवमननं जीपचं दार उघडलं. "बसा, माणिकराव. आसेगाववरून जाऊ. वहिनीले तुमच्याच तोंडून सांगा."